वाचनांतील ठिकाण : गुंडाळीपासून पडद्यापर्यंत

एकाच लांबलचक लेखाच्या दोन प्रती दोघांपुढें आहेत. एकाची संगणकाच्या पडद्यावर, दुसऱ्याची हातांतील मोबाइलवर. पहिला म्हणतो, "चाळिसावें पान काढा." दुसरा तें काढतो, तों तेथें भलताच मजकूर! दोघांपैकीं कोणीच चुकलेला नसतो. चूक असते ती पानावर विसंबण्याची. कारण पडद्यावर अक्षर थोडें मोठें केलें कीं पानांची सारी मांडणी सरकते. लांब ग्रंथांत हवें तें वाक्य गाठावें कसें, हा प्रश्न मात्र पडद्याइतका नवा नाहीं.

प्राचीन ग्रीक व रोमन वाचक पपायरसच्या गुंडाळ्या वाचीत. एका हातानें उलगडीत जावें, दुसऱ्या हातानें गुंडाळीत जावें, असा तो व्यवहार. शेवटचें वाक्य पाहावयाचें तर सारी गुंडाळी उलगडावी लागे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमन कवि मार्शल यानें प्रवासांत नेण्याजोगीं चर्मपत्राचीं बांधीव पुस्तकें वाखाणलीं, आणि चौथ्या शतकाच्या सुमारास अशा पुस्तकांनीं गुंडाळीला मागें सारलें. पुस्तकांत बोट घालून खूण ठेवतां येते, मधलेंच पान उघडतां येतें, दोन ठिकाणें ताडून पाहतां येतात. वाचकाला मिळालेलें हें स्वातंत्र्य लहान नव्हतें.

मुद्रणकला आल्यावर, १४७० सालीं कोलोन येथें छापलेल्या एका प्रवचनाच्या पुस्तिकेंत पानांवर छापील अंक आढळतात. पण पुढची आवृत्ति निराळ्या आकाराची निघाली कीं असे अंक जुळेनासे होत. म्हणून मुद्रक रॉबेर एस्त्येन यानें १५५१ सालीं जिनीव्हा येथें बायबलच्या नव्या कराराची आवृत्ति काढतांना पानांऐवजीं वचनांनाच अंक दिले. त्याचा पुत्र आंरी यानें १५७८ सालीं प्लेटोचे ग्रंथ छापले. त्या आवृत्तीचे पृष्ठांक आजही प्लेटोच्या चांगल्या आवृत्त्यांत मजकुराच्या कडेला छापले जातात. पान केव्हांच नाहींसें झालें. त्याचा अंक मात्र मजकुराला कायमचा चिकटला.

विसाव्या शतकांत संगणकाचा पडदा आला आणि वाचकाच्या हातीं जणूं पुन्हां गुंडाळी पडली. तिच्यावरील एक उपाय फार लवकर सुचला होता. ९ डिसेंबर १९६८ रोजीं सान फ्रान्सिस्को येथें डग्लस एंगलबार्ट यानें सुमारें दीड तास आपली यंत्रणा चालवून दाखवली. माऊसमुळें तो प्रयोग लोकांच्या लक्षांत राहिला. पण वाचकाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळीच होती. त्या यंत्रणेंत प्रत्येक विधानाला स्वतःचा क्रमांक असे : १, त्याच्या पोटांत १अ, त्याच्याही पोटांत १अ१. पोटांतील विधानें झांकून नुसते मथळे पाहतां येत, आणि मग हव्या त्या विधानावर थेट उडी घेतां येई.

इतकी सोय सामान्य वाचकाच्या वाट्याला मात्र लवकर आली नाहीं. १९७८ सालीं निघालेल्या व्हीटी-१०० या यंत्राच्या पडद्यावर २४ ओळी मावत. त्याच वर्षीं बर्कले येथील विद्यार्थी डॅनियल हॅल्बर्ट यानें 'मोअर', म्हणजे 'आणखी', या नांवाची आज्ञावली लिहिली. पडदा भरला कीं ती थांबे, किती टक्के मजकूर सरला तें तळाशीं दाखवी आणि कळ दाबली कीं पुढें सरके. मागें फिरण्याची सोय तींत तुटपुंजी होती. पुढें मार्क नुडलमन यानें मागेंही सहज जातां येईल अशी आज्ञावली केली आणि तिला थट्टेनें 'लेस', म्हणजे 'कमी', हें नांव दिलें.

१९९३ सालीं अडोबी कंपनीनें पीडीएफ हा प्रकार आणला. त्यांत पान कोणत्याही यंत्रावर जसेंच्या तसें राही. पण तेंच पान तळहाताएवढ्या पडद्यावर वाचणें जिकिरीचें होई. २००७ सालच्या किंडल या वाचनयंत्रानें उलट मार्ग धरला : पान सोडून दिलें आणि मजकुरालाच स्थानांक दिले. वाचकांना छापील पृष्ठांकांची संवय होती, म्हणून २०११ सालीं अनेक पुस्तकांना तेही जोडावे लागले. शब्द टाकून शोध घेतां येतो हें खरें. पण त्यासाठीं नेमका शब्द आठवावा लागतो, आणि ग्रंथाची एकंदर रचना त्यानें कळत नाहीं.

न्यायालयांत हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाहीं. एकाद्या जुन्या निकालावर माणसाची जमीन किंवा सुटका अवलंबून असते. वकिलानें दाखवलेलें वाक्य न्यायाधीशालाही त्याच ठिकाणीं सांपडलें पाहिजे. इंग्लंडमधील वरिष्ठ न्यायालयांत २००१ सालीं निकालांतील परिच्छेदांना अनुक्रमांक देण्याचा नियम झाला, आणि कोणत्याही प्रकाशकाच्या पानांवर अवलंबून नसलेले निकालक्रमांक आले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेंही २०२३ सालीं आपल्या निकालांना असे स्वतंत्र क्रमांक देण्यास आरंभ केला.

अंध वाचकांचें तर यावांचून चालतच नाहीं. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीच्या साह्यानें ते एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर जातात. मात्र मथळा हा मथळा म्हणूनच नोंदलेला असावा लागतो. नुसत्या जाड अक्षरांत लिहिलेला मथळा त्यांच्यापुरता नसल्यासारखाच.

महाराष्ट्रांतील घरांना हा विचार परका नाहीं. हस्तलिखित पोथीचीं पानें सुटीं, लेखनिकाचें अक्षर लहान किंवा मोठें, आणि पानावरचा अंक त्या एका पोथीपुरता खरा. पण दासबोधाचे २० दशक, प्रत्येक दशकाचे १० समास आणि प्रत्येक समासांत अंक दिलेल्या ओव्या. दशक, समास आणि ओवी एवढें सांगितलें कीं देवघरांतील पोथी असो, छापील ग्रंथ असो वा मोबाइलवरील प्रत असो, तीच ओवी निघते. लेखकानें आपल्या मजकुराला असे मथळे आणि अंक दिले, तर पडद्यापुढील त्या दोघा वाचकांना चाळिसावें पान शोधण्याचें कारणच उरणार नाहीं.