गाणे मोकळे ठेवा, शाहिराचे नाव कापू नका

दरवर्षी १४ एप्रिलला नाशिकच्या रस्त्यांवर भीमगीते दणाणतात. डीजेच्या गाडीवरचे गाणे कुणीतरी मोबाईलवर टिपतो, त्यातले पंधरा-वीस सेकंद कापतो, ठेका वाढवतो आणि रात्रीपर्यंत ती रील गावोगाव पोहोचते. गेल्या जयंतीला आम्ही सोबतच्या पोरांना विचारले, हे गाणे लिहिले कुणी? कुणी गायकाचे नाव घेतले, कुणी कॅसेट कंपनीचे, कुणी चॅनेलचे. गीत होते वामनदादा कर्डकांचे. याच जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात, देशवंडीत १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्मलेल्या आणि १५ मे २००४ रोजी नाशिकमध्येच शेवटचा श्वास घेतलेल्या वामनदादांचे!

या विस्मरणाचा दोष रिमिक्सला देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण इतिहास तसे सांगत नाही.

आंबेडकरी जलसा हाच मुळात रिमिक्स होता. सत्यशोधक जलशाची परंपरा आणि तमाशाचा बाज घेऊन आपल्या शाहिरांनी त्यात नवा आशय भरला. लोकांच्या ओठांवरच्या चाली उचलल्या आणि त्यांत बाबासाहेबांचा विचार बसवला. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्या दशकात नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार जलसे घेऊन वस्त्यावस्त्यांत फिरत होते. वामनदादांनीही ३ मे १९४३ रोजी पहिले गाणे रचले, ते एका हिंदी गाण्याचे विडंबन म्हणूनच. तेव्हा कुणी चालीच्या मालकाची परवानगी मागत बसले असते, तर चळवळीला गाणेच मिळाले नसते.

आणि पर्याय तरी काय होता? १९२० साली 'मूकनायक' निघाला, तेव्हा पैसे मोजूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. छापखाना त्यांचा, वर्तमानपत्र त्यांचे, पुढे रेडिओही त्यांचाच. आपल्याकडे होते गळे, डफ आणि एकाची वही दुसऱ्याने उतरवून घेण्याची रीत. आजचे फॉरवर्ड म्हणजे त्याच रीतीचे नवे रूप आहे. प्रस्थापित माध्यमांची नाकाबंदी आपण नक्कल करूनच फोडली, हे अभिमानाने सांगितले पाहिजे.

मग बिघडले कुठे?

जुन्या रीतीत एक शिस्त होती. वामनदादांच्या अनेक गीतांत अखेरच्या कडव्यात 'वामन' येतो. ही नाममुद्रा. ज्याच्याकडे छापील मुखपृष्ठ नव्हते, वकील नव्हता, त्या शाहिराचा हा कॉपीराइट! गाणे कुणीही गावे, कितीही गावे. शेवटच्या कडव्यात कर्ता आपोआप हजर. हातात पेटी घेऊन गाणारा गायक ते कडवे गाळत नसे. रील नेमके तेच गाळते. धृपद ठेवते, नाव कापते.

कॅसेटच्या जमान्यात दुसरा घाव बसला. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा 'कर्ता' म्हणजे त्याचा निर्माता. गाणारा किंवा लिहिणारा नव्हे. किरकोळ रकमेवर सही झाली की मुद्रण कंपनीचे. म्हणून आज एखाद्या नातवाने आजोबांच्याच आवाजातली जुनी कॅसेट यूट्यूबवर टाकली, तर तिथली यंत्रणा आजोबांना शोधत नाही. नोंद असलेल्या ध्वनिमुद्रणाच्या मालकाला शोधते. कॉपीराइट शाहिराचे रक्षण करतो म्हणणाऱ्यांनी आधी याचे उत्तर द्यावे.

कुलपाने काय होते, ते बाबासाहेबांच्या ग्रंथांनी दाखवून दिले आहे. १९३६ साली जातपात तोडक मंडळाने भाषण रद्द केले, तेव्हा बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या आणि लगेच भाषांतरे सुरू झाली. पुढे राज्य सरकारने १९७९ पासून खंड काढले; पण खंड बाजारात नाहीत ही तक्रार वर्षानुवर्षे राहिली. आपल्या पोरांनी खंड स्कॅन करून पीडीएफ फिरवल्या, तेव्हा कुठे ते खेड्यात पोहोचले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांची मुदत संपून १ जानेवारी २०१७ पासून बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ सर्वांसाठी खुले झाले. लाखो मोबाईलवर ते फिरले, तरी बाबासाहेबांचे नाव कुठे पुसले गेले का? नाही. म्हणजे वाटल्याने कर्ता मरत नाही. नाव कापल्याने मरतो.

काहीजण म्हणतात, गाणे समाजाचे आहे, नाव कशाला? आम्ही विचारतो, ज्यांच्या पूर्वजांची नावे इतिहासाने लिहिलीच नाहीत, त्यांनी आपल्याच हाताने आपल्या कवीचे नाव पुसावे? शंबूक आणि एकलव्याच्या कथा सांगणाऱ्यांनी अंगठा कापण्याचे काम स्वतः करू नये.

कायद्यातही एक हत्यार आहे, ते वापरा. कलम ५७ नुसार हक्क विकल्यावरही कर्त्याचा आपल्या नावावरचा अधिकार संपत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणात गेलेल्या गीताच्या रॉयल्टीतला गीतकाराचा समान वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. आज लिहिणाऱ्या प्रत्येक शाहिराला हे माहीत हवे.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. गाणे उचला, ठेका बदला, रॅप करा, गावोगाव पाठवा. पण रीलवर गीतकार आणि मूळ गायकाचे नाव लिहा. पूर्ण गाणे टाकाल तेव्हा नाममुद्रेचे कडवे कापू नका. वस्तीतल्या म्हाताऱ्या शाहिरांकडे जा, त्यांच्या वह्यांचे फोटो काढा, कोणते गाणे कुणाचे ते त्यांच्याच तोंडून नोंदवून घ्या. त्यातून कमाई झाली, तर त्यांच्या घरी वाटा पोहोचवा.

येत्या जयंतीला डीजेवर गाणे लागण्याआधी माईकवर एक वाक्य बोला, हे गीत अमुक शाहिरांचे. त्याला पाच सेकंदसुद्धा लागत नाहीत.

जय भीम!