आडनावाचा रकाना

मी एका ॲपचा नोंदणी फॉर्म बनवत होतो. नाव आणि आडनाव, दोन्ही रकाने सक्तीचे. टेस्टिंग करणारी सहकारी म्हणाली, "माझ्या आईला आडनावच नाही. तिनं काय भरायचं?" मी म्हणालो, "टिंब टाक." दुसऱ्या दिवशी मी रकाना ऐच्छिक केला, पण ते 'टिंब' टोचत राहिलं. कारण त्या दिवसांत मी कार्लाइलच्या शाळेबद्दल वाचत होतो.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, लष्कराच्या जुन्या बराकींत, रिचर्ड हेन्री प्रॅट या अधिकाऱ्यानं १८७९ मध्ये आदिवासी मुलांसाठी ही निवासी शाळा काढली. मुलांचे केस कापले, मातृभाषेवर बंदी घातली. माणूस वाचवायचा तर त्याच्यातला इंडियन मारला पाहिजे, असं प्रॅट जाहीरपणे म्हणायचा.

पहिल्या तुकडीत लकोटा जमातीचा ओता क्ते होता, वय साधारण ११. फळ्यावर इंग्रजी नावं लिहिलेली होती. त्यातलं एक निवड, असं सांगून त्याच्या हातात काठी दिली. त्याला वाचता येत नव्हतं. काठी जिथे टेकली ते त्याचं नाव झालं: ल्यूथर. वडिलांच्या नावाचं इंग्रजी भाषांतर झालं आडनाव: स्टँडिंग बेअर. मोठेपणी तो लेखक झाला आणि हा प्रसंग त्यानंच लिहून ठेवला.

मला आधी वाटलं, मास्तरांना उच्चार जमत नसतील. पण १८८७ मध्ये डॉझ कायदा आला. जमातीची सामाईक जमीन मोडून माणशी तुकडे पाडायचे आणि उरलेली 'जादा' जमीन गोऱ्या वसाहतकऱ्यांना खुली करायची. सातबारा पाहिलेल्या कुणालाही पुढचं कळेल. तुकड्याला मालक लागतो, मालकाला वारस, आणि वारस ओळखायला आडनाव. १८९० मध्ये इंडियन खात्याचे आयुक्त थॉमस मॉर्गन यांनी नावांबद्दल परिपत्रकच काढलं. आदिवासींची जमीन १८८७ मध्ये सुमारे १३.८ कोटी एकर होती. १९३४ मध्ये उरली ४.८ कोटी.

फळ्यावरची नावं आणि जमिनीच्या नोंदवहीतली नावं एकाच कामाला लागली होती.

शाळा १९१८ मध्ये बंद झाली. तिथल्या दफनभूमीत शंभराहून अधिक मुलांच्या कबरी होत्या. २०१७ पासून लष्कर काहींचे अवशेष त्यांच्या माणसांकडे परत देत आहे. सगळ्यांचे देता येणार नाहीत. मुलांना नवी नावं देणाऱ्या या शाळेच्या काही थडग्यांवर एकच शब्द कोरलेला आहे: 'अज्ञात'.