मंडप पांढरा घ्यावा की गडद? उन्हाळ्यात सावलीसाठी कोणता रंग चांगला?

एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी निळ्या ताडपत्रीखाली उभं राहून बघा. डोक्यावर थेट ऊन नसतं, तरी डोकं तापतं. शेजारच्या कडुनिंबाखाली गेलात की दोन मिनिटांत बरं वाटतं. दोन्हीकडची हवा जवळपास सारखीच असते. मग एवढा फरक का पडतो?

हा प्रश्न फक्त आरामाचा नाही. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईतल्या खारघरमध्ये महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो लोक उघड्या मैदानात उन्हात बसले होते. उन्हाच्या त्रासाने त्यांतल्या 14 जणांचा जीव गेला. लग्न असो, सभा असो, भाजीची गाडी असो की गच्चीवरची शेड, सावली करताना ती कशाची आणि कोणत्या रंगाची, याचा विचार करायलाच हवा.

रंगाचा आणि उष्णतेचा संबंध काय?

डोक्यावर सूर्य असताना स्वच्छ आकाशातून जमिनीच्या दर चौरस मीटरवर साधारण 1000 वॅट ऊर्जा पडते. त्यातली निम्म्याहून थोडी कमी ऊर्जा आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची असते. उरलेली बहुतेक ऊर्जा अवरक्त किरणांची असते, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी. अतिनील किरणांचा वाटा अगदी थोडा असतो.

छतावर पडलेल्या या ऊर्जेचं तीनपैकी एक काहीतरी होतं. ती परत फेकली जाते, छतात शोषली जाते किंवा आरपार खाली येते. चांगला नवा पांढरा रंग सुमारे 80 टक्के ऊर्जा परत फेकतो. काळा रंग 90 टक्क्यांहून जास्त शोषतो. इतर रंग यांच्या मधे कुठेतरी बसतात.

शोषलेली उष्णता तिथेच थांबत नाही. तापलेलं छत स्वतः उष्णतेचे किरण खाली सोडू लागतं. रंगवलेला पत्रा 45 अंशांऐवजी 65 अंशांपर्यंत तापला, तर दर चौरस मीटरमागे सुमारे 150 वॅट जास्त उष्णता खाली येते. ताडपत्रीखाली डोकं तापतं ते यामुळेच. झाडाची पानं मात्र बाष्पाच्या रूपाने पाणी सोडत असतात, त्यामुळे ती उन्हातही फारशी तापत नाहीत.

म्हणजे पांढरं कापड घेतलं की झालं?

नाही. पांढरं कापड पातळ असेल तर बराच प्रकाश आरपार खाली येतो. छत गार राहतं, पण खालच्या माणसाला ऊन लागतच राहतं. म्हणून पांढरं घ्यायचं तर जाड, घट्ट विणीचं किंवा दुहेरी घ्यावं. ओळखायची सोपी पद्धत म्हणजे कापड उन्हासमोर धरायचं. पलीकडे सूर्याचा गोळा स्पष्ट दिसत असेल, तर ते छतासाठी उपयोगाचं नाही. अतिनील किरण अडवण्यासाठीही घट्ट वीणच महत्त्वाची.

पांढऱ्याची दुसरी अडचण धुळीची. धूळ बसली की त्याची ऊन परत फेकण्याची ताकद घटते. रस्त्याकडेच्या शेडचं छत उन्हाळ्यात अधूनमधून धुवावं लागतं.

मग वाळवंटात काळे तंबू कसे चालतात?

बेदुइन लोक शेळीच्या काळ्या केसांपासून विणलेले तंबू वापरतात. असं छत दाट सावली देतं, पण विणीतून आणि मोकळ्या बाजूंनी वारा खेळत राहतो आणि गरम हवा निघून जाते. त्यांच्या काळ्या झग्यांवर 1980 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. सैल झगा काळा असो वा पांढरा, आतल्या माणसापर्यंत पोहोचणारी उष्णता सारखीच असल्याचं त्यात आढळलं. काळ्या कापडात मुरलेली जास्तीची उष्णता अंगापर्यंत येण्याआधीच वारा घेऊन जात होता.

यातून आपल्यासाठी निष्कर्ष असा: वारा खेळता असेल तर गडद रंग चालून जातो. कनाती लावून चारही बाजू बंद केल्या, तर तोच गडद मंडप भट्टी होतो.

हिरवी जाळी घ्यावी का?

नागपूर, पुण्यासारख्या शहरांत सिग्नलवर हिरव्या जाळ्या लावलेल्या आपण पाहिल्या आहेत. हिरवा रंग पाहून झाडाची आठवण होते, पण प्लास्टिकची जाळी पानांसारखी गारवा देत नाही. तिचा फायदा भोकांमुळे होतो, कारण त्यातून वारा जातो. शेडनेट घेताना रंगाच्या आधी टक्केवारी विचारा. 50 टक्क्यांची जाळी साधारण निम्मं ऊन अडवते. ती रोपांसाठी ठीक आहे. माणसांना बसण्यासाठी 75 किंवा 90 टक्क्यांची घ्यावी.

पत्र्याच्या शेडचं काय?

नवा पत्रा चकाकतो, म्हणून तो कमी तापेल असं वाटतं. पण उघडा धातू शोषलेली उष्णता सहज बाहेर टाकत नाही, त्यामुळे पांढऱ्या रंगाच्या पत्र्यापेक्षा तो जास्त तापतो. गंज चढला की आणखीच. वरून पांढरा रंग किंवा चुना मारणं हा स्वस्त उपाय आहे. चुना पावसात धुऊन जातो, म्हणून दर उन्हाळ्याआधी पुन्हा मारावा लागतो. गोठ्याच्या पत्र्यावर उसाचं पाचट टाकतात, त्यानेही चांगला फरक पडतो. तेलंगणाने तर 2023 मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच आणलं.

थोडक्यात, काय निवडावं?

• बंद छत (पत्रा, ताडपत्री, जाड कापड): वरची बाजू पांढरी किंवा अगदी फिकट.
• आतली बाजू: थोडी गडद चालते. जमिनीवरून येणारी चकाकी त्यामुळे डोळ्यांत कमी जाते.
• जाळी: रंग कोणताही असो, वीण दाट आणि बाजू मोकळ्या हव्यात.
• निळी किंवा काळी ताडपत्रीच हाताशी असेल: तिच्यावर वीतभर अंतर सोडून जुनी पांढरी चादर ताणा. मधल्या फटीतून वारा जाऊ द्या.
• उंची: छत शक्य तितकं उंच ठेवा आणि गरम हवा निघायला वर फट ठेवा.

हवामान खात्याची तापमान मोजायची पेटी कधी पाहिली आहे का? ती पांढरी असते, तिचं छत दुहेरी असतं आणि चारही बाजूंना झडपा असतात. आतल्या तापमापीला ऊन लागू नये, पण वारा लागावा, म्हणून ही सगळी सोय. चांगल्या सावलीचे नियम त्या पेटीत एकत्र सापडतात.

एक गोष्ट मात्र विसरू नका. सावली ऊन अडवते, हवेचं तापमान उतरवत नाही. पारा 43-44 अंशांवर असेल तर उत्तम मंडपाखालीही पाणी आणि विश्रांती लागतेच. कुणी असंबद्ध बोलू लागलं किंवा बेशुद्ध पडलं, तर अंग ओल्या कापडाने पुसत वारा घाला आणि लगेच 108 ला फोन करा.