जमैकाची तीन दीपगृहे

दीपगृह म्हटले की उंच मनोरा आणि त्याच्या माथ्यावरचा दिवा एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. पण मनोरा कशाचा बांधला, दिवा कशावर जळला आणि हे काम कोणी केले, असे प्रश्न विचारले तर त्या काळाचा इतिहासच उलगडू लागतो. कॅरिबियन समुद्रातील जमैका बेटावरची तीन दीपगृहे हेच सांगतात.

1655 पासून जमैका इंग्रजांच्या ताब्यात होते. तेथील साखर आणि रम नेण्यासाठी जहाजांची सतत ये-जा असे. युरोप व आफ्रिकेकडून व्यापारी वाऱ्यांवर येणाऱ्या जहाजांना प्रथम गाठ पडे ती बेटाच्या पूर्व टोकाशी, मोरँट पॉइंटशी. येथील किनारा सखल असल्याने रात्री जमीन जवळ आल्याचे कळणे कठीण. येथेच 1841 साली दीपगृह उभे राहिले. बेटावरील दीपगृहांत ते सर्वांत जुने.

दिवा उंच का हवा? पृथ्वी गोल असल्याने क्षितिजापलीकडचा दिवा, तो कितीही प्रखर असला तरी, दिसत नाही. उंचीच्या (मीटरमधील) वर्गमुळाला 3.57 ने गुणले की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. समजा, दिवा समुद्रसपाटीपासून 36 मीटरवर आहे, तर हे अंतर सुमारे 21 किलोमीटर. जहाजावर 9 मीटर उंचीवर उभ्या असलेल्या खलाशासाठी ते सुमारे 11 किलोमीटर. म्हणजे हा दिवा खलाशाला जवळजवळ 32 किलोमीटरवरून दिसू शकेल.

मोरँट पॉइंटचा सुमारे 30 मीटर उंचीचा मनोरा दगडाचा नाही, बिडाचा आहे. अलेक्झांडर गॉर्डन या ब्रिटिश अभियंत्याने त्याची रचना केली. भाग लंडनमध्ये ओतले गेले आणि जहाजाने आणून येथे एकमेकांना जोडले गेले. पश्चिम गोलार्धातील हे पहिले बिडाचे दीपगृह मानले जाते. बीड ताण फारसा सोसत नाही, पण दाब उत्तम सोसते. मनोऱ्याच्या भिंतींवर मुख्यतः वरच्या वजनाचा दाबच येतो, म्हणून हे द्रव्य येथे शोभते. शिवाय घडीव दगड आणि कुशल गवंडी दूरच्या किनाऱ्यावर जमवण्यापेक्षा तयार भाग जोडणे सोपे.

ते जोडणारे हात कोणाचे होते? ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी 1834 साली कायद्याने संपली. पण उमेदवारीच्या नावाखाली चाललेली सक्ती सुटून जमैकातील गुलाम पूर्ण मुक्त झाले ते 1838 मध्ये. मळ्यांना मजूर कमी पडू लागले, तेव्हा आफ्रिकेतून मुक्त मजूर आणण्यास सुरुवात झाली. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील क्रू जमातीचे लोक त्यांत होते. मोरँट पॉइंटचा मनोरा त्यांनी उभारला. (मजुरांच्या याच टंचाईमुळे 1845 पासून हिंदुस्थानातूनही करारबद्ध मजूर जमैकात नेले गेले.) ज्या समुद्रातून आफ्रिकी माणसे पूर्वी साखळदंडांत आणली गेली, त्याच समुद्रावर त्यांच्या बांधवांनी दिवा लावला.

दुसरे दीपगृह प्लंब पॉइंटचे. किंग्स्टन बंदराला कवेत घेणाऱ्या जमिनीच्या अरुंद पट्टीवर ते 1853 साली बांधले. येथे दगड आणि बीड दोन्ही वापरले आहेत. हा भूकंपाचा प्रदेश. याच पट्टीच्या टोकाचे पोर्ट रॉयल शहर 1692 च्या भूकंपात बरेचसे समुद्रात गेले होते. 14 जानेवारी 1907 च्या भूकंपाने किंग्स्टन उद्ध्वस्त झाले, तेव्हा प्लंब पॉइंटचा दिवाही विझला. मनोरा मात्र टिकला.

तिसरे दीपगृह पश्चिम टोकावरच्या नेग्रिलचे, 1894 सालचे. ते एका फ्रेंच कंपनीने काँक्रीटमध्ये बांधले. त्याचा दिवा 1956 मध्ये ॲसिटिलीन वायूवर आणि 1985 मध्ये सौरऊर्जेवर चालू लागला.

बीड, दगड, काँक्रीट. वायू आणि सूर्यप्रकाश. तंत्रविद्येची वाटचाल या तीन ठिकाणी वाचता येते. मात्र वर्णनांत गॉर्डनचे नाव येते, मनोरा जोडणाऱ्यांचा उल्लेख फक्त ‘क्रू लोक’ एवढाच असतो. विद्यार्थ्यांना एखादी जुनी वास्तू दाखवताना ती कोणी आखली याबरोबरच ती कोणी बांधली, हाही प्रश्न अवश्य विचारावा. विज्ञानाचा इतिहास या दोन्ही उत्तरांनी मिळूनच पुरा होतो.