मरणाच्या अलीकडचे

कपाशीवर फवारायच्या बाटलीला आपल्याकडे कोणी विष म्हणत नाही. ते ‘औषध’. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात हेच औषध मारताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा ‘विषबाधा’ हा शब्द छापून आला. आपला विषय, म्हणजे वर्तनाचे विषशास्त्र, या दोन शब्दांच्या मधल्या जागेत आहे. माणूस धडधाकट दिसतो, कामावरही जातो; पण हात थरथरतो, हिशेब चुकतो, उगाच चिडतो.

विषशास्त्राचे जुने माप मरण. 96 तासांत निम्मे प्राणी कोणत्या प्रमाणाला मरतात, ते काढायचे. मेलेला मासा मोजताना दोन निरीक्षकांत वाद होत नाही, ही त्याची मोठी सोय. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाला नुसते मराठवाडा विद्यापीठ म्हणत, त्या काळात प्रा. आर. नागभूषणम आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गोड्या पाण्यातले खेकडे, शिंपले अभ्यासले. इथल्या विद्यार्थ्याला काचेची टाकी नवी नाही. टाकीसमोर बसून नेमके काय पाहायचे, एवढाच प्रश्न आहे.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर अडवतात. मज्जातंतूचा संदेश थांबवणारे रसायनच निकामी झाले, की स्नायूंना उसंत मिळत नाही. मासा आधी सैरभैर होतो, तोल सोडतो, पृष्ठभागावर येऊन हवा घेतो; मरतो नंतर. पण इथे घाई नडते. मरळ मासा निरोगी असतानाही हवेसाठी वर येतोच! त्याचे वर येणे हे लक्षण नव्हे. नेहमीपेक्षा जास्त वेळा येणे हे लक्षण. आणि ‘नेहमी’ ठरवायला संभाजीनगरातून वाहणाऱ्या खाम नदीतला मासा चालणार नाही. शहराचे सांडपाणी त्याने आधीच पचवलेले असते.

माणसांच्या बाबतीत वागण्यातून विष ओळखण्याचे हे काम आणखी अवघड. 1979 मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतले शिसे मोजले आणि मुलांच्या वर्गातल्या वागण्याविषयी शिक्षकांना विचारले. शिसे जास्त, तिथे लक्ष विचलित होण्याच्या तक्रारी जास्त. यातले एकही मूल रुग्ण नव्हते. या निष्कर्षांवर पुढे बरीच वर्षे वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. वागणे बिघडायला गरिबी, जागरण, घरातली भांडणे अशी कारणे पुरतात; त्यांतून शिसे वेगळे काढणे हेच या शास्त्राचे खरे कसब.

नव्या विद्यार्थ्याला माझे एकच सांगणे आहे. पहिला आठवडा पाण्यात काहीही मिसळू नका. मरळ तासाला किती वेळा वर येते, तेवढे वहीत लिहा.