बागेसाठी बुजलेले पाणी : कोल्हापूरच्या हरवलेल्या तळ्यांचा इतिहास

१/
बागेत पाणी खेळवायचे असेल तर ते कुठून तरी आणावे लागते. पेशव्यांनी पुण्यात ते मैलोन्‌मैल अंतरावरून आणले. कोल्हापुरात मात्र पाणी जागोजागी होते आणि बाग, मैदान, मंडई यांसाठी ते बुजवले गेले. हे का घडले आणि त्याची किंमत काय, याविषयी हा धागा.

२/
प्रथम पुणे. शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ मध्ये झाली. पुढे नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रज येथे तलाव बांधून तेथील पाणी बंदिस्त नळाने शहरात आणले गेले. वाटेत हवा खेळती राहावी म्हणून उच्छ्वास आणि पेठांतील लोकांसाठी हौद होते. हेच पाणी वाड्यातही पोहोचले.

३/
वाड्यातील हजारी कारंजे सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे आहे. पंप नसताना ते उडे कसे? कात्रजची पातळी वाड्यापेक्षा बरीच उंच. उंचावरचे पाणी बंद नळातून खाली आले की त्याच्या अंगी दाब येतो आणि बारीक तोंडातून ते उसळते. शोभेच्या त्या कमळामागे संपूर्ण शहराची पाणी-योजना उभी होती.

४/
आता कोल्हापूर. एका बाजूला पंचगंगा आणि शहरात ठिकठिकाणी तळी: रंकाळा, कोटितीर्थ, कपिलतीर्थ, वरुणतीर्थ, सिद्धाळा, पेटाळा, पद्माळा, रावणेश्वर. काहींच्या नावातच ‘तीर्थ’ आहे. येथे स्नान होई, काठावर देव वसे. पाणी ही शोभेची वस्तू नव्हती. नित्य व्यवहाराचा आणि श्रद्धेचा तो एकत्र आधार होता.

५/
अंबाबाई मंदिराच्या आवारातील मणिकर्णिका कुंड याच परंपरेतले. मणिकर्णिका हे नाव काशीचे. कोल्हापूरला ‘दक्षिण काशी’ म्हणतात, त्यामुळे काशीतील तीर्थाचे नाव येथील कुंडास लाभावे, हे स्वाभाविकच. देवदर्शनाइतकेच तीर्थस्नानालाही महत्त्व असलेल्या काळाची ती खूण होय.

६/
मग बदलले काय? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळंबा तलावाचे पाणी उताराने शहरात येऊ लागले. मंगळवार पेठेतील ‘पाण्याचा खजिना’ हे स्थळनाम त्या व्यवस्थेची आठवण आजही सांगते. पाणी नळाने मिळू लागले की तळ्याची गरज घटते आणि गरज घटली की राखणही सुटते. गाळ साचतो, कचरा पडतो, पाण्याला वास येतो.

७/
त्यातच १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी हिवताप आणि डास यांचा संबंध सिद्ध केला. साचलेले पाणी आता संशयाच्या नजरेने पाहिले जाऊ लागले. मुंबईतही अनेक तलाव बुजले. १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनामुळे गाजलेले गोवालिया टँक मैदान हे नावाप्रमाणेच एकेकाळचे तळे!

८/
कोल्हापुरात सिद्धाळ्याच्या जागी उद्यान आले, पेटाळ्याचे मैदान झाले, कपिलतीर्थावर मंडई भरू लागली, वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मणिकर्णिका कुंडातही भराव पडला आणि त्यावर बाग उभी राहिली. ज्या जागी शतकानुशतके पाणी होते, तेथे हिरवळ आली.

९/
हे करणाऱ्यांना अडाणी ठरवणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. वाढत्या शहराला मुलांसाठी मैदान हवे होते, भाजीसाठी बाजार हवा होता, दुर्गंधीपासून सुटका हवी होती. चूक हेतूत नव्हती. तळे म्हणजे केवळ रिकामा खड्डा, या समजुतीत ती होती.

१०/
तळे बुजवले तरी जमिनीचा उतार बदलत नाही. आसपासचे पावसाचे पाणी जुन्या वाटेने जुन्याच ठिकाणी येते. म्हणूनच जोराच्या पावसात गांधी मैदानाचे पुन्हा तळे होते. खेळ थांबतो, चिखल होतो, तक्रारी होतात. वरुण हा जलदेव. त्याच्या तीर्थावर दुसरे काय व्हायचे?

११/
मणिकर्णिकेच्या कहाणीला मात्र वळण मिळाले. २०२०-२१ च्या सुमारास बाग हटवून कुंडाचे उत्खनन सुरू झाले. मातीखालून दगडी पायऱ्या आणि बांधीव भिंती पुन्हा दिसू लागल्या. गाळातून जुनी नाणी, भांडी, मूर्ती निघाल्या. भरावाने कुंड नष्ट केले नव्हते, झाकले होते.

१२/
परंतु प्रत्येक तळे असे परत येणार नाही. मंडई उठवणे किंवा मैदान खोदणे सोपे नव्हे. शिवाय उघडे पाणी राखणे खर्चाचे काम आहे. जलपर्णी आणि सांडपाण्याशी झुंजणारा रंकाळा त्याची साक्ष देतो. तरीही रंकाळा आहे, कोटितीर्थ आहे. त्यांची राखण आज सुटली, तर उद्या त्यांच्यावरही कुणाला बाग सुचेल.

१३/
हजारी कारंज्यासाठी डोंगरातून पाणी आणावे लागले. कोल्हापूरला ते जागेवरच लाभले होते. पुढच्या वेळी वरुणतीर्थ वेशीतून किंवा सिद्धाळा गार्डनवरून जाताना ते नाव सावकाश उच्चारून पाहावे. शहराचा जुना जल-नकाशा अजून त्या नावांत वाचता येतो.