रेव्हिट फॅमिली (विद्युत आराखडा)

रेव्हिट फॅमिली म्हणजे ऑटोडेस्क कंपनीच्या रेव्हिट या इमारत-आराखड्याच्या संगणकप्रणालीतील पुन्हा पुन्हा वापरता येणारा घटक होय. रेव्हिट मूळ ज्या अमेरिकी कंपनीने विकसित केली, ती ऑटोडेस्कने २००२ मध्ये विकत घेतली. विद्युत आराखड्यातील सॉकेट, दिवे, स्विच, वितरण पेट्या, अग्निसूचक यंत्रे इत्यादी वस्तू फॅमिलीच्या रूपात ठेवल्या जातात. फॅमिलीत त्रिमितीय आकृती आणि नकाशावरील चिन्ह असते. परंतु विद्युत अभियंत्याच्या दृष्टीने तिचे खरे मोल तिच्यात साठवलेल्या विद्युत माहितीत आहे.

रचना

प्रत्येक घटक प्रवर्ग, फॅमिली, प्रकार आणि नग अशा चार पातळ्यांवर ओळखला जातो. उदाहरणार्थ, सॉकेटच्या एकाच फॅमिलीत ६ अँपिअर आणि १६ अँपिअर असे दोन प्रकार असू शकतात. भिंतीवर बसवलेले प्रत्येक सॉकेट हा त्या प्रकाराचा एक नग. प्रकाराचा गुणधर्म बदलल्यास त्या प्रकाराचे सर्व नग बदलतात, तर जमिनीपासूनच्या उंचीसारखा नगाचा गुणधर्म त्या नगापुरताच राहतो. बहुतेक उपकरणांच्या फॅमिली आरएफए स्वरूपाच्या स्वतंत्र फाइलमध्ये जतन होतात. केबल ट्रे आणि कंड्युट मात्र प्रणालीतच अंतर्भूत असून त्यांची वेगळी फाइल करता येत नाही. त्यांचे प्रकार एका प्रकल्पातून दुसऱ्या प्रकल्पात न्यावे लागतात. त्यांची वळणे व जोडण्या पुन्हा स्वतंत्र फॅमिलीच असतात.

विद्युत जोडबिंदू

फॅमिलीतील जोडबिंदूवर व्होल्टेज, ध्रुवसंख्या, भार व भाराचा वर्ग नोंदवलेला असतो. सर्किट आखताना रेव्हिट ही माहिती वितरण पेटीच्या वितरण-पद्धतीशी ताडून पाहते. अमेरिकेसाठी बनवलेल्या १२० व्होल्टच्या फॅमिली भारतातील २३० व्होल्टच्या प्रकल्पात तशाच वापरल्यास अपेक्षित पेटी निवडीसाठी उपलब्धच होत नाही. याहून फसवा दोष म्हणजे भाराचा गुणधर्म जोडबिंदूशी न जोडणे. अशा वेळी उपकरणांच्या तक्त्यात भाराचा आकडा व्यवस्थित दिसतो, पण पेटीच्या एकूण भारात तो धरला जात नाही. आकृती निर्दोष असल्याने ही चूक सहज नजरेत येत नाही, आणि केबलचा आकार त्याच बेरजेवर ठरतो.

व्यवस्थापन

एकाच वस्तूचे अनेक प्रकार असतील, तर ते फॅमिलीच्याच नावाच्या मजकूर-फाइलमध्ये तक्त्याच्या रूपात लिहून ती फॅमिलीशेजारी ठेवतात. मग हवे तेवढेच प्रकार प्रकल्पात घेता येतात. अनेक फॅमिलींची माहिती एका तक्त्यात आणण्यासाठी सामायिक गुणधर्म लागतात. प्रत्येक सामायिक गुणधर्माला अंतर्गत ओळखक्रमांक असतो. त्यामुळे दोघांनी स्वतंत्रपणे बनवलेले समान नावाचे गुणधर्मही रेव्हिट वेगळे मानते. म्हणून संपूर्ण कार्यालयासाठी या गुणधर्मांची एकच फाइल ठेवणे श्रेयस्कर.

वास्तुविशारदाचा नमुना विद्युत प्रकल्पात बहुधा दुवा म्हणून जोडलेला असतो. दुव्यातील भिंतीवर भिंत-आधारित फॅमिली बसत नाही. तेथे पृष्ठभाग-आधारित फॅमिली वापरतात. सुधारित फॅमिली प्रकल्पात पुन्हा घेताना गुणधर्मांची मूल्येही बदलण्याचा पर्याय विचारला जातो. तो निवडल्यास प्रकल्पात हाताने भरलेली प्रकारांची मूल्ये पुसली जातात. नव्या आवृत्तीत जतन केलेली फॅमिली जुन्या आवृत्तीत उघडत नाही. त्यामुळे अनेक वर्षे चालणाऱ्या प्रकल्पांसाठी आवृत्तीनिहाय वेगळे संग्रह ठेवले जातात.